नदी नसलेलं बेट

जुलैत प्राणहिता भरून वाहते तेव्हा सिरोंच्याच्या काठावर बसून पाण्यात हात बुडवला, तर मनगटापुढचा हात दिसत नाही. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा यांनी विदर्भाची माती धुऊन आणलेली असते. गावाजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते आणि गोदावरी ही माती थेट बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. आम्ही पोरं पोहायला शिकलो ती याच नदीत, पण उन्हाळ्यातल्या डोहात, डोंग्याची कड धरून. त्यामुळे ह्यूस्टनला नोकरी करणाऱ्या पुतण्याने पावसाळ्यात फोन करून विचारलं, "काका, डिसेंबरात कॅरिबियनला डाइव्हिंगला जायचं म्हणतोय. बोनेअर, कोझुमेल की बेलीझ? तुम्ही सांगा," तेव्हा मी त्यालाच उलट विचारलं, "यातल्या कुठल्या ठिकाणी नदी आहे?"

तो हसला. मी मात्र थट्टा करत नव्हतो. डाइव्हिंगची जागा निवडताना लोक हॉटेलचे फोटो पाहतात, माशांची यादी पाहतात, तिकिटाचा भाव पाहतात. मी आधी नकाशावर नद्या शोधतो.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, चुन्याची घरं बांधणारा बारीक जीव. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानालाही पोसतं. पाणी गढूळ झालं की प्रकाश अडतो, गाळ बसला की जीव गुदमरतो, आणि पुराचं गोडं पाणी त्याला मुळातच मानवत नाही. म्हणून नद्यांच्या मुखाशी प्रवाळ नसतं. सिरोंच्याहून सरळ रेषेत मोजलं तर काकिनाड्याचा किनारा तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि आपलं मालवण साडेसातशेच्या. म्हणजे आम्हाला जवळचा समुद्र महाराष्ट्राचा नव्हे, आंध्रचा. पण गोदावरी, कृष्णा, महानदी या तिघी ज्या किनाऱ्यावर गाळ ओततात तिथे प्रवाळाची बाग कुठून असणार? ज्या मातीत आमचा कापूस आणि धान पिकतं, तीच पुढे जाऊन डाइव्हरच्या डोळ्यांसमोर पडदा धरते.

आता बोनेअर पाहा. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे डच बेट. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गडचिरोलीच्या पावसाच्या निम्माही नाही. निवडुंग, रानटी गाढवं, दक्षिणेला मिठागरं. मीठ पिकतं तिथे पाऊस कमी आणि ऊन जास्त, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. बेटावर नदी नाही, म्हणून समुद्रात माती नाही, म्हणून पाण्याखाली तीस मीटरपर्यंत सहज दिसतं. कोझुमेल आणि केमन बेटं चुनखडीची आहेत. तिथे पाऊस पडतो, पण पाणी दगडातून झिरपून खाली जातं, वर नदी तयारच होत नाही. आपल्या लक्षद्वीपचंही तसंच आहे, सगळी प्रवाळाची वाळू, नदी शोधून सापडणार नाही. बेलीझच्या मुख्य भूमीवर नद्या आहेत, पण तिथली प्रसिद्ध कंकणद्वीपं किनाऱ्यापासून बरीच दूर समुद्रात आहेत. अंदमान मात्र माझ्या नियमाला जुमानत नाही. तिथे पाऊस धो धो, ओढे आहेत, कांदळवनं आहेत, तरी प्रवाळ भरपूर. त्यावर उपाय एकच, पाऊस थांबल्यावर जायचं. जानेवारी ते एप्रिल.

दुसरा प्रश्न मीच पुतण्याला विचारला. "तुझ्या लॉगबुकात डाइव्ह किती?" चौतीस. आणि त्यातल्या किती करंटमध्ये, किती बोटीवरून, किती वीस मीटरच्या खाली? इथे तो जरा थांबला. मध्यम अनुभवाचा डाइव्हर म्हणजे वीस ते साठ डाइव्ह, असं आपण सोयीसाठी म्हणतो. पण एकाच शांत खाडीत केलेल्या चाळीस डाइव्ह म्हणजे एकच डाइव्ह चाळीस वेळा केल्यासारखं आहे. त्याउलट मालवणजवळच्या तारकर्लीत शिकलेला माणूस गढूळ पाण्यात होकायंत्र धरून चालायला शिकलेला असतो, बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, नजरेआड होऊ देत नाही. दिसणं पाच मीटर असेल तर सवय आपोआप लागते. मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी तिथे शिकलो आणि त्या गढूळ पाण्याचे उपकार मानतो. मालवणात किल्ल्याजवळ पर्यटकांना शिडीवरून उतरवून दहा-पंधरा मिनिटं मासे दाखवतात, ते वेगळं. त्यात प्रशिक्षकाने तुम्हाला धरलेलं असतं. तो डाइव्हचा अनुभव नव्हे, ती ओळख.

ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंत जाऊ देतं, ॲडव्हान्स्डचं ३० पर्यंत, आणि हौशी डाइव्हिंगची सीमा ४० मीटरला संपते. या आकड्यांमागचं गणित प्रत्येकाने एकदा तरी कागदावर मांडावं. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार. फुप्फुसं तेवढीच, पण श्वासातली हवा चौपट दाट. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरचा, दोनशे बारपर्यंत भरलेला. शेवटचे पन्नास बार राखीव ठेवले तर वापरायला साधारण १,६५० लिटर हवा उरते. वर मिनिटाला वीस लिटर लागत असतील तर दहा मीटरवर चाळीस, म्हणजे चाळीस मिनिटं मिळाली. तीस मीटरवर ऐंशी, म्हणजे वीसच मिनिटं. घाबरून धापा टाकल्या तर बाराच. अंदमानात जॉनीज गॉर्ज नावाची जागा आहे, खोल आणि करंटची. तिथे मी हे गणित कागदावर न मांडता पाण्यात मांडलं. माझी हवा सगळ्यांत आधी संपत आली आणि माझ्यामुळे सहा जणांना वर यावं लागलं. बोटीवर कोणी काही बोललं नाही. चहा दिला फक्त.

म्हणून बेलीझचं ग्रेट ब्लू होल मी पुतण्याच्या यादीतून पहिल्याच फटक्यात काढून टाकलं. वरून विमानातून ते अप्रतिम दिसतं. तीनशे मीटरहून जास्त रुंद, सव्वाशे मीटरच्या आसपास खोल, निळ्या समुद्रात गडद निळा गोल. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हाची ती कोरडी गुहा, पुढे छत कोसळलं आणि पाणी भरलं. गुहेच्या छताला लोंबणारे चुन्याचे झुंबर आजही दिसतात, पण ते चाळीस मीटरच्या आसपास. तिथे पाच वातावरण दाब, थांबायला आठ-नऊ मिनिटं, आणि त्या खोलीवर नायट्रोजनची नशा डोक्यात चढायला लागलेली. दिवसभर बोटीत हेलकावे खाऊन आठ मिनिटांचा अंधार पाहायचा, हा सौदा मला पटत नाही. ज्याला पटतो त्याने शंभर डाइव्ह झाल्यावर जावं.

कोझुमेलचं आकर्षण करंट हेच आहे. युकाटनच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला वाहणारं पाणी बेटाच्या भिंतीलगत तुम्हाला वाहून नेतं, पालांकार आणि सांता रोझाच्या भिंती शेजारून सरकत जातात, आणि बोट वर तुमच्या बुडबुड्यांच्या मागे येते. पाय मारायचा नाही, फक्त तरंगायचं. नदीत पोहलेल्या माणसाला हे लवकर जमतं, कारण प्रवाहाशी भांडायचं नसतं हे त्याला लहानपणीच कळलेलं असतं. पण तरंगण्यासाठी आधी तोल जमायला हवा. बीसीडीत, म्हणजे हवा भरायच्या जाकिटात, सारखी हवा भरणारा आणि सोडणारा माणूस करंटमध्ये लिफ्टसारखा वर-खाली होतो. शिवाय वर आल्यावर बोटीला दिसण्यासाठी फुगवायची नारिंगी नळी जवळ हवी आणि ती पाण्याखालून सोडायचा सरावही हवा. पुतण्याकडे नळी होती, सराव नव्हता. आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत कोझुमेलला उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे नॉर्टे म्हणतात. तो आला की बंदर एक-दोन दिवस बंद. सुट्टी सात दिवसांची असेल तर हिशेब करा.

केमनबद्दल थोडक्यात. ग्रँड केमनला किटीवेक नावाचं अमेरिकन नौदलाचं जुनं जहाज २०११ मध्ये मुद्दाम बुडवून ठेवलंय. हे तेच जहाज, ज्याने चॅलेंजर यानाच्या अपघातानंतर अवशेष शोधायला मदत केली होती. वीस मीटरच्या आत असल्याने मध्यम अनुभवाच्या माणसाला जहाज पाहायची ती चांगली संधी. पण बेट महाग आहे. होंडुरासचं रोआतान स्वस्त, प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ, आणि साधेपणा चालत असेल तर मजेचं.

मग बोनेअर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मध्यम अनुभवाच्या माणसाला ज्या गोष्टी लागतात त्या इथे एकाच ठिकाणी आहेत. वारा कायम पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला असतो आणि पाणी शांत. त्या किनाऱ्याने रस्ता जातो. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे सहा सिलिंडर टाकायचे, आवडेल त्या दगडापाशी थांबायचं, किट चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. बोटीची वेळ नाही, मागे लागणारा डाइव्ह मास्टर नाही. सकाळी बरं वाटत नसेल तर दुपारी जा. मध्यम अनुभवाच्या माणसाची खरी प्रगती इथेच होते, कारण निर्णय त्याचा त्याला घ्यावा लागतो. किती खोल, किती वेळ, करंट कोणत्या बाजूने, आधी करंटच्या विरुद्ध जायचं आणि परतताना त्याच्याबरोबर यायचं. डोंगेवाला घाट सोडताना हेच पाहतो.

१९७९ पासून या बेटाभोवतीचं पाणी भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंत संरक्षित आहे. गेल्यावर आधी शुल्क भरावं लागतं, माहितीचं सत्र ऐकावं लागतं आणि सोप्या जागी एक तपासणी डाइव्ह करून दाखवावी लागते. हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातमोजा घातला की माणूस हात लावतो. हिल्मा हूकर नावाचं मालवाहू जहाज १९८४ मध्ये गांजासकट पकडलं गेलं, मालकी सांगायला कोणी पुढे आलं नाही आणि ते तिथेच बुडालं. तळाशी तीस मीटर, आडवं पडलेलं. थाउजंड स्टेप्स नावाच्या जागी पायऱ्या सत्तरही नाहीत, पण सिलिंडर पाठीवर घेऊन चढताना नाव खरं वाटतं म्हणे.

नायट्रॉक्सचा एक दिवसाचा अभ्यासक्रम जाण्याआधी करून घे, असं मी पुतण्याला बजावलं. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, त्यात तो बत्तीस. ऑक्सिजन वाढला म्हणजे नायट्रोजन कमी, म्हणून त्याच खोलीवर जास्त वेळ थांबता येतं आणि दिवसाला तीन डाइव्ह करणाऱ्याचं अंग कमी दुखतं असं पुष्कळ जण सांगतात. पण त्याने जास्त खोल जाता येत नाही, उलट बत्तीस टक्क्यांची सीमा चौतीस मीटरच्या आतच संपते. जास्त खोल जाता येतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोराचा. कोझुमेलने २००५ मध्ये विल्मा झेललं, केमनने २००४ मध्ये इव्हान. बोनेअर दक्षिणेला असल्याने सहसा या वाटेबाहेर राहतं. सहसा म्हणालो, कारण नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी नावाचं वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेला गेलं आणि त्याच्या लाटांनी बोनेअरचा तो आडोशाचा किनाराच झोडपला. आडोसाही वारा पाहूनच ठरतो.

आपल्याकडे आणखी एक घड्याळ आहे, चंद्राचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी संथ. मालवणचे मच्छीमार हे तिथीवर सांगतात. अंदमानातही करंटच्या जागा भरती-ओहोटीवर चालतात, तेव्हा सुट्टी ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलेलं वाया जात नाही. कॅरिबियनमध्ये मात्र भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत. तिथे तिथी पाहू नये, वारा पाहावा.

एक गोष्ट पुतण्याला आवडली नाही. कॅरिबियनचं प्रवाळ आजारी आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडाजवळ कठीण प्रवाळाची कातडी गळून पडणारा रोग दिसला. कोझुमेलला तो २०१८ मध्ये पोहोचला, बोनेअरला २०२३ मध्ये. त्याच वर्षीच्या उष्ण पाण्याने रंग उडवला तो वेगळाच. आता दोन जागांच्या मध्ये किट जंतुनाशकात बुडवायला सांगतात, ते कंटाळा न करता करावं. शिवाय तिथे कठीण प्रवाळाच्या जातीच मुळात साठ-सत्तर, आणि हिंदी महासागरापासून प्रशांतापर्यंतच्या पट्ट्यात पाचशेच्या वर. ज्याने आधी अंदमान पाहिलं आहे त्याने कॅरिबियनमध्ये विविधतेची अपेक्षा धरू नये. माणसाएवढे पिंपासारखे स्पंज, जांभळे पंखे, कासवं आणि स्वच्छ पाणी, यासाठी जावं.

आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्याने मुळात जावं का? माझं मत विचाराल तर ह्यूस्टनहून जावं, सिरोंच्याहून नाही. आमच्याकडून हैदराबाद, तिथून दोन-तीन विमानं, दीड दिवसाचा प्रवास, आणि शेवटच्या डाइव्हनंतर पुन्हा तेवढाच. त्याच पैशात मालदीव दोनदा होतं. तिथे भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा मिळतो आणि कायद्यानेच तीस मीटरची मर्यादा आहे, ती मला आवडते. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाजवळ बोटीने जाता येतं, डिसेंबर-जानेवारीत पाणी मालवणपेक्षा बरंच निवळ असतं. वीस डाइव्हनंतरचा पहिला मुक्काम मी तिथे सुचवतो. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो आणि कोचीहून अगत्तीला विमान जातं, त्याची तयारी तीन महिने आधी करा. उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय ज्याला रजाच नाही, अशा माझ्यासारख्या मास्तराने श्रीलंकेचं त्रिंकोमाली पाहावं. आपला पश्चिम किनारा बंद होतो तेव्हा तिथला हंगाम उघडतो. विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजींच्या नावाची, वर जमिनीचा तुकडाही नाही आणि प्रवाळ वीस मीटरच्या आसपास सुरू होतं. मराठी डाइव्हर त्या नावाने उसासे टाकतात. तिथे जायला बोटीतच मुक्काम करावा लागेल आणि मध्यम अनुभवाच्या माणसाने त्याची घाई करू नये.

डाइव्हिंगआधी भरायच्या वैद्यकीय अर्जावर मात्र खोटं लिहू नका. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीने डाइव्हिंग करू नये. पाण्याखालचे श्रम, थंडी, शरीरातलं कमी झालेलं पाणी, यातून पेशी वाकून रक्तवाहिन्या अडू शकतात. एएस म्हणजे वाहक असाल तर डाइव्हिंगचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला विचारून ठरवा. नुकताच हिवताप होऊन गेला असेल तर अंगात बळ येईपर्यंत थांबा.

आणि परतीचा दिवस मोकळा ठेवा. अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावेत, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि केबिनमधला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. हे विमानाबद्दल सगळ्यांना माहीत असतं. घाटाबद्दल नसतं. हा नियम साधारण सहाशे मीटर उंचीपासूनच लागू धरतात आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणात किंवा त्याहून खोल कुठे दिवसभर खऱ्या डाइव्ह करून त्याच संध्याकाळी जीप कोल्हापूरकडे वळवू नका. रात्र खालीच काढा, सोलकढी प्या. काही झालंच तर दाबाच्या खोलीत उपचार लागतात. मुंबईत ती सोय नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. विम्यात हा उपचार येतो का, ते निघण्याआधी वाचून घ्या.

पुतण्या डिसेंबरात बोनेअरला गेला. तिसऱ्या दिवशी त्याने एका पट्टेरी, पिसारा फुलवलेल्या माशाचा फोटो पाठवला. "काका, लायनफिश. इथे हा परका. भाल्याने मारतात याला, वेगळा परवाना देऊन." आपल्या समुद्रातला मासा तो, अंदमानात मी त्याला खडकाखाली निवांत बसलेला पाहिला होता. तिकडे कोणीतरी काचपेटीतून सोडून दिला असावा, असा अंदाज आहे, आणि त्याला खाणारं तिथे फारसं कोणी नाही.

मी विचारलं, "दिसतं किती?"

"तीस मीटर, काका. जास्तच. तुमच्याकडे?"

मी तेव्हा प्राणहितेत उभा होतो, गुडघाभर पाण्यात. पावसाळा सरून दोन महिने झाले होते, गाळ खाली बसला होता.

"पायाची बोटं दिसतायत," मी म्हटलं.